रक्ताचा कागद

मी आळशी नव्हते, हे आधी सांगून टाकते. पुढचं ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

लिहायचं कारण असं, की मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक सासू माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आली. सून सारखी झोपते, बोलली तर घोगरं बोलते, उन्हात बसूनही कुडकुडते. मी त्या पोरीचा सुजलेला चेहरा पाहिला, हाताला हात लावून पाहिला. थंडगार. तिला घेऊन मी मुरबाडच्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी तिला पुढे मुंबईला पाठवलं. परत येताना एसटीत वाटलं, आपल्याला जे कुणी सांगितलं नाही ते आपण लिहून ठेवावं. मी मराठी सहावी शिकलेली आहे. भाषेचं मनावर घेऊ नका.

झोप

आमचं गाव टोकावड्यापासून चालत तासाभरावर आहे. माझं माहेर डोंगराच्या पलीकडे, डोळखांबच्या बाजूला. यजमान प्राथमिक शाळेत मास्तर, घरची भाताची थोडी शेती, सासू खमकी. पहिली मुलगी सुमन झाली आणि वर्षाच्या आत माझं अंग माझं राहिलं नाही.

वैशाखात सगळे ओटीवर उघड्यावर निजायचे आणि मी घरात गोधडी घेऊन. केस विंचरले की मूठभर फणीत यायचे. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्या. आवाज असा झाला, की पाणवठ्यावर मी हाक मारली तर बायकांना वाटायचं कुणी पुरुष आला. भाकरी थापता थापता मला डुलकी लागायची. विळी कुठे ठेवली ते आठवायचं नाही, आणि ती हातातच असायची. वजन मात्र वाढत होतं, म्हणून लोकांना वाटायचं बाईला खायला भरपूर आणि काम कमी.

सासू स्पष्टवक्ती. तिने गावभर सांगितलं की सुनेच्या अंगात माज आलाय. भगताने एक कोंबडं घेतलं आणि म्हणाला बाहेरचं आहे, निघेल. निघालं नाही. मला खरं सांगायचं तर मीच स्वतःला आळशी समजायला लागले होते. सकाळी उठताना मी स्वतःला शिव्या देऊन उठवायची.

मास्तर त्या वेळी माझ्या बाजूने होते, हे मी लपवणार नाही. त्यांनी रजा टाकली, सासूची बोलणी खाल्ली आणि मला मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं.

आठ दिवस

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत सांगायला लावलं आणि आवाज ऐकत राहिले. मग मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर छोट्या हातोडीने टोला मारला. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याला फार वेळ लागला. डॉक्टर हसले आणि त्यांनी शिकणाऱ्या पोरांना बोलावून तोच टोला चार वेळा मारून दाखवला. मला वाटलं, गेले मी. पण ते मास्तरांना म्हणाले, "बाई आळशी नाहीत. यांच्या गळ्यातली एक ग्रंथी आळशी झाली आहे. तिचं काम आपण गोळीने करू."

मी तिथेच रडले. दुखलं म्हणून नाही. कुणीतरी ते वाक्य म्हटलं म्हणून.

आठ दिवस ठेवून घेतलं. पहाटे पाचला दिवे लागायचे, तोंडात थर्मामीटर यायचं आणि आया खाटेखालचं भांडं वाजवत न्यायची. एका सकाळी उपाशीपोटी मला निजवलं, नाकाला चिमटा लावला आणि तोंडात रबरी नळी दिली. मी किती श्वास ओढते ते यंत्र कागदावर रेघा मारून सांगत होतं. जीव गुदमरला, पण मी हलले नाही. त्या वॉर्डात एक म्हातारी आया होती. मला थंडी वाजते हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून दुपारी ती सोड्याच्या बाटलीत गरम पाणी भरून माझ्या पायाशी ठेवायची. तिला मी काही दिलं नाही, तिने मागितलंही नाही.

रक्ताचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो मास्तरांना समजावून सांगितला. या ग्रंथीचा रस रक्तात किती आहे हे थेट मोजत नाहीत, रसात आयोडीन असतं ते मोजतात. चार ते आठ असावं. माझं पावणेदोन होतं. मास्तर माणूस हाडाचा शिक्षक. त्यांनी घरी आल्यावर शाळेच्या पाटीवर ते आकडे काढून मला आणि सासूला शिकवले. चाराच्या खाली नापास, चार ते आठ पास. सासूने पाटीकडे पाहिलं आणि चुलीकडे गेली.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांना व्हरांड्यात नेऊन आणखी काही सांगितलं. मी बोचकं घेऊन तीन हातांवर उभी होते. मी पुढे गेले नाही आणि मला कुणी बोलावलं नाही. शिकलेला पुरुष बरोबर असला की डॉक्टर बाईशी बोलत नाहीत, आणि बाईलाही त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. मला एवढंच सांगितलं, की गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही.

घाम

गोळी बारीक होती, मळकट रंगाची, उग्र वासाची. तिचं माप ग्रेन, आधी अर्धा, मग एक, मग दोन. दर दीड-दोन महिन्यांनी वाढवायची. पहिले दोन आठवडे काही झालं नाही. सासू म्हणाली, खडू चघळत असेल.

महिना-सव्वा महिन्याने एके दिवशी सकाळी मी भात कांडत होते आणि मुसळ थांबवून कपाळाला हात लावला. ओलं होतं. मला घाम आला होता. दोन वर्षांत मला घाम आला नव्हता हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. मी घाम पुसला नाही. तसाच गालावरून वाहू दिला.

त्यानंतर सगळं एकेक करून परत आलं. आवाज, भूक, भांडायची हौस. सासूला उलट उत्तर दिलं तेव्हा मास्तर म्हणाले, आता बरी झालीस खरी. वाडीतल्या बायका थट्टा करायच्या, की मास्तरीण गोळी खाऊन तरुण झाली. त्या वर्षी मी भाताच्या लावणीला उतरले.

लावणी

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. आधीच्या दोन वर्षांत माझ्यामुळे आमच्या घरची सावड अडली होती, सासूला मजूर लावावे लागले होते. म्हणून त्या वर्षी मी एकही दिवस चुकवला नाही. सतरा दिवस वाकून, गुडघाभर चिखलात.

चिखलात दिवसचे दिवस पाय राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, फाटते, रात्री आग होते. आमच्या बायका मेंदी वाटून लावतात आणि गप्प बसतात. मीही मेंदीच वाटायला घेतली होती. मास्तर म्हणाले, ते राहू दे, शाळेच्या पेटीत टिंचर आहे, त्याने लवकर सुकतं.

रोज संध्याकाळी ते ओटीवर बसायचे, माझं पाऊल स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि काडीला कापूस गुंडाळून एकेका बेचक्यात ते तांबडं औषध लावायचे. आग व्हायची म्हणून फुंकर घालायचे. आमच्या गावात बायकोच्या पायाला नवरा हात लावत नाही. सासूने कपाळाला हात लावला, म्हणाली उलटी रीत आणली माझ्या घरात. मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून फार बरं वाटत होतं. शेजारणी बघत असल्या तर मी पाय मागे घेत नव्हते.

लावणी उरकली आणि चार दिवसांनी रक्त द्यायची तारीख होती. आम्ही दोघं पावसात मुंबईला गेलो. त्या दिवशी तिथे फार गर्दी होती. पट्टा बांधला, सुई टोचली, रक्त घेतलं, दहा दिवसांनी निकाल. परतीच्या गाडीत मास्तर गप्प होते. मला वाटलं दमले असतील.

पेढे

निकाल आणायला ते एकटे गेले. पावसात तू कशाला, म्हणाले. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. आकडा बारा आला होता. मोठे डॉक्टर नव्हते, त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरने कागद पाहिला आणि म्हणाला, गोळी जास्त होतेय, वर गेल्या बाई. वजन उतरलंय का, छाती धडधडते का, झोप कमी झालीय का, असं त्याने विचारलं. मास्तरांनी तिन्हीला हो म्हटलं. वजन तर उतरलंच होतं, सतरा दिवस लावणी केली होती. छातीचं आणि झोपेचं त्यांना कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

महिनाभर गोळी बंद. नंतर फक्त अर्धा ग्रेन. सहा महिन्यांनी परत रक्त.

"आठापैकी बारा मिळवलेस," मास्तर म्हणाले आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. त्यांनी तो पुडा आळीभर वाटला.

कागदावर बरी

गोळी बंद झाल्यावर तीन आठवडे ठीक गेले. पितृपक्षात मला पहिल्यांदा परत थंडी वाजली. नवरात्रात आवाज बसला. मी मास्तरांना सांगितलं, मला गोळी कमी पडतेय. ते म्हणाले सर्दी असेल.

दिवाळीच्या सुमारास चीनची लढाई लागली. शाळेत रेडिओ आणला होता, अख्खं गाव तिथे जमायचं. बायका हातातल्या बांगड्या काढून देशासाठी देत होत्या. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. लोकांना वाटलं हिला देशाचंही काही नाही. घरी येऊन मी पुन्हा मास्तरांना म्हटलं, अहो, मला पहिल्यासारखंच होतंय, माझं अंग मला कळतं.

"आकडा खोटं बोलत नाय, भागे," ते म्हणाले. "तुला भास होतोय."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, नंतर फार वाटलं.

सासूला तर आता डॉक्टरचा दाखलाच मिळाला होता. पहिल्या वेळी मी नुसती आळशी होते. आता मी तपासून आळशी ठरले होते. ती म्हणायची, "आता डाक्टरनंच सांगितलाय बरी हाय म्हून. मंग आता कसली गो झोप?" रक्त माझं, कागद त्या रक्ताचा, तो म्हणतो मी बरी. मग जी पडून आहे ती कोण? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळत होतं, पण कागदापुढे माझंच कळणं मला खोटं वाटायला लागलं. आजारापेक्षा हे वाईट होतं. अंगाने तर दगा दिलाच होता, आता मनही माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

पौषात एका सकाळी मी चुलीवर पेज ठेवली आणि भिंतीला टेकले. सुमनच्या किंचाळीने जाग आली. तिने उतरवलेल्या पेजेत हात घातला होता. पेज मीच उतरवून खाली ठेवली होती, आणि ठेवलेली मला आठवत नव्हती. मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. तीन वर्षांची पोर. मास्तर शाळेतून धावत आले, तिला उचलून टोकावड्याला नेलं, पट्टी करून आणली. मला ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं राग आहे, आणि तो बरोबर आहे.

सासूने ठरवलं की मी माहेरी जावं आणि पोरगी इथेच राहावी. नीट बरी झालीस की ये, म्हणाली. कागदावर बरी असलेल्या बाईने आणखी बरं व्हायचं ते कसं, हे तिने सांगितलं नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. ते पाटीवर मुलांचे धडे काढत होते. ते नाही म्हणाले असते तर मी गेले नसते.

आय

माझी आय कधी शाळेत गेली नाही. मी दारात उभी राहिले तेव्हा तिने माझं बोचकं घेतलं नाही, आधी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"तुला कोन बरी म्हनतंय?" तिने विचारलं.

मी कागदाचं सांगितलं. बारा आकड्याचं, चार ते आठचं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की कागदाला थंडी वाजत नाय. आठ दिवस तिने मला नाचणीची आंबील पाजली, चुलीजवळ निजवलं, आणि माझ्याकडून काहीही करून घेतलं नाही. मी सुमनसाठी रडायची. झोपेतसुद्धा मला ती पेज दिसायची. आय म्हणाली, पोरगी पायजे ना, मग पयलं धड हो.

रक्ताची तारीख अजून महिन्यावर होती. आय थांबायला तयार नव्हती. तिने माझ्या भावाकरवी निरोप पाठवला, की जावयांनी अमुक दिवशी सकाळी आसनगाव स्टेशनात यावं, मी माझ्या लेकीला घेऊन येते, नाही आलात तर आम्ही दोघीच मुंबईला जाऊ. ते आले. त्यांनी दाढी केलेली नव्हती. आयने त्यांना बसायला जागा केली.

टिंचर

रक्त घ्यायच्या खोलीत त्या दिवशी एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी माझा जुना कागद काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. सुजलेली बाई आणि बारा आकडा, त्यांना जुळेना.

"त्या वेळी कुठे टिंचर लावलं होतं का?" त्यांनी मला विचारलं. "खोकल्याचं औषध वगैरे घेतलं होतं?"

मला आनंद झाला, कारण या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, हो, पायाला, चिखल्या झाल्या होत्या, रोज लावत होतो. आणि काहीशा तोऱ्यातच म्हटलं, "हेच लावायचे, स्वतः."

बाई मास्तरांकडे वळल्या. म्हणाल्या, टिंचर म्हणजे आयोडीनच की, फाटक्या कातडीतून ते रक्तात जातं, मग आकडा वर जाणारच. तो आकडा या बाईंचा नाही, बाटलीचा आहे. महिनाभर आधीपासून असलं काही लावायचं नाही हे आम्ही प्रत्येकाच्या घरच्यांना सांगतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?

मास्तरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी ते शोधत होते. माणसाला नवीन काही कळलं की चेहरा बदलतो. त्यांचा बदलला नाही, तो फक्त खाली गेला.

बाईंनी रक्त घेतलं. त्या तरुण डॉक्टरला बोलावलं. त्याने माझी टाच ठोकली, पाऊल पाहिलं आणि निकालाची वाट न बघता त्याच दिवशी गोळी वाढवून दिली. नंतर आलेला आकडा दोन होता. त्या डॉक्टरने मला एक सांगितलं, ते मी त्याच्या चांगुलपणासाठी इथे लिहिते. तो म्हणाला, "चूक माझी. मी कागद पाहिला, तुम्हाला पाहायला हवं होतं." सबंध आजारात कुणी पुरुषाने माझ्याकडे चूक कबूल केली ती तेवढीच.

आसनगाव

परतताना आसनगावला उतरलो आणि शहापूरच्या गाडीला वेळ होता. बाकावर मी मध्ये, एका बाजूला आय, एका बाजूला मास्तर. मी विचारलं, तुम्हाला सांगितलं होतं ना व्हरांड्यात?

ते हो म्हणाले. लावणीच्या गडबडीत विसरलो, म्हणाले.

मी विचारलं, मग आठवलं कधी?

म्हणाले, रक्त देऊन परत जाताना, कल्याणला गाडी बदलताना.

म्हणजे निकाल यायच्या आधी. म्हणजे पेढे आणले तेव्हा माहीत होतं. "तुला भास होतोय" म्हणाले तेव्हा माहीत होतं. पोरीच्या हाताला पट्टी बांधून आणली, मला वाळीत टाकल्यासारखं माहेरी पाठवलं, तेव्हा माहीत होतं. मी त्यांना विचारलं का सांगितलं नाहीत. ते तुटक तुटक बोलले. डॉक्टर काय म्हणेल, मास्तर असून एवढं ध्यानात राहत नाही. परत रजा मागायची. आणि आकडा चांगला आला, वाटलं असेल खरा. मग पेढे वाटून झाले. मग रोज उशीर होत गेला.

कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो, पण कुंपण खाताना फुंकर घालतं हे मला त्या दिवशी कळलं.

आय आवाज न चढवता म्हणाली, "जावयबापू, तुमी विसारलात त्याचा काय नाय. मानूस विसारतो. पन तुमाला आठवला, त्याचा काय?"

शहापूरची गाडी आली आणि आम्ही दोघी चढलो. ते कल्याणकडे परत गेले.

त्यानंतर

मला घाम यायला अडीच महिने लागले. या वेळी आनंद झाला नाही, फक्त खात्री झाली. पोरीसाठी मी लावणीच्या आधी सासरी आले. सासू दारात होती, सुमन तिच्या मागे. पोरीने मला ओळखायला थोडा वेळ घेतला. डाव्या हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. मी तो हात धरला आणि त्या दिवशी सोडलाच नाही.

मी नवऱ्याला सोडलं नाही. सोडून कुठे जाणार, आणि पोरीला कोण देणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. गावात मी कुणाला काही सांगितलं नाही, सासूलासुद्धा नाही. तिच्या लेखी मी अजूनही मधूनच माज करणारी आणि मधूनच सुधारणारी सून आहे. पण चिखल्यांना मी मेंदी लावते, स्वतः वाटून, स्वतःच्या हाताने. मास्तरांनी एकदा कापूस आणला होता. मी पाय आत घेतला. त्यांनी परत कधी आणला नाही.

आता ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी. डॉक्टर बोलत असेल तेव्हा खोलीत असा, व्हरांड्यात नाही. कुणाला बाजूला नेऊन सांगत असेल तर मागे जा, कुणी हसलं तर हसू दे. रक्त द्यायच्या आधी काय लावलं, काय प्यायलं, काय गिळलं, सगळं सांगा, कुणी विचारलं नाही तरी. गोळी वाढवली किंवा कमी केली तर दोन महिने अंगाकडे लक्ष ठेवा आणि थंडी, झोप, आवाज, घाम यांची तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. मी लिहिते. मी दर सहा महिन्यांनी एकटी जाते. कागद आधी माझ्या हातात घेते आणि डॉक्टरला पहिलं सांगते की मला कसं वाटतंय, आकडा मागाहून. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर मी उठत नाही. कागद उपयोगाचा आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्याला एकट्याला घरी पाठवू नका.

शेवटचं

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी वही मास्तरांना दिली. त्यांच्याविषयी लिहिलं आहे तर त्यांनी वाचावं, चोरून काही नको. ते ओटीवर बसून वाचत होते. सुमन शेजारी पाढे म्हणत होती. मी भांडी घासत होते, पण कान तिकडेच होते.

वाचून झाल्यावर त्यांनी सुमनला आत पाठवलं. मला वाटलं म्हणतील, फाडून टाक. किंवा रडतील. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, एक ठिकाण चुकलंय.

मी विचारलं कुठलं.

"कल्याणचं," ते म्हणाले. "मला कल्याणला नाय आठवलं. तिथंच आठवलं होतं, खोलीत. तुझ्या हाताला पट्टा बांधत होते, सुई टोचायची होती. तुझी पावलं माझ्या समोर होती. बोटांमध्ये तो तांबडा रंग दिसत होता मला."

मी राखेचा हात तसाच धरून उभी राहिले. विचारलं, मग?

"फेरी वाया गेली असती," ते म्हणाले.

वही मी परत घेतली आणि हे त्यात लिहिलं. वरचं कल्याणचं खोडलेलं नाही. सहा वर्षं मी तेच खरं धरून त्यांच्याकडे नांदले.